घोडेवाल्यांचा पिक्चर आणि द्वारकीची जागा

पावसाळ्याची मासेमारीची बंदी लागली. घिवलीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झाल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढल्या, दोर आवळले गेले. इंजिनं थांबली की आमच्या गावाला एकदम कानांत दडे बसल्यासारखं होतं. आता दोन महिने बर्फाचा टेम्पो येणार नाही, रेतीवर बायकांची भांडणं होणार नाहीत. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या उभ्या आहेत. त्यांच्यावर कावळे बसून आमच्याकडे बघतात, की काय रे, संपलं का तुमचं?

होडी आता पुतण्या चालवतो. तरी बंदीत जाळं मांडीवर घेऊन बसायची माझी सवय जात नाही. परवा दुपारी असाच फाटलेलं सांधत बसलो होतो. टीव्ही चालू होता. मी टीव्ही बघत नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून लावून ठेवतो. एकाएकी घोड्यांच्या टापा वाजल्या. मान वर केली तर तोच पिक्चर. तेच पिवळं गवत, तेच कातडी टोप्यांचे लोक, तोच पांढऱ्या दाढीचा म्हातारा. सुई हातातच राहिली.

त्या पिक्चरचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. आमच्या घरात त्याला घोडेवाल्यांचा पिक्चर म्हणायचे. कझाकस्तान म्हणून देश आहे, तिथल्या जुन्या काळातल्या लोकांचा. बोलतात हिंदीत, ओठ भलतेच हलतात. मी थोडा वेळ बघितला. मग जाहिराती लागल्या, त्या पण बघितल्या. बाजूला कोणी नव्हतं.

माघात द्वारकी गेली. माझी बायको. सकाळी चहा करून दिला, दुपारी गेली. आम्हांला मूल नाही, त्यामुळे घरात ती आणि मी, एवढंच होतं. इतक्या वर्षांचं माणूस असं उठून जातं म्हणजे काय होतं, ते मला लिहिता येणार नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी. पण चार वर्षांमागच्या एका बंदीबद्दल लिहिता येईल असं वाटतं, कारण ती बंदी आमची चांगली गेली. बायकोला लकवा मारला होता आणि हा म्हणतो चांगली गेली. लोक वेडा म्हणतील. म्हणू द्या.

वैशाख सरत आला होता. द्वारकी वलांडीजवळ उभी होती, हातात मोसमातले शेवटचे बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. जन्मभर तिनं तेच केलं, झोपेत सांगितलं असतं तरी केलं असतं. त्या दिवशी तिला जबडे अडकवता येईनात. एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. तिला हसू आलं, पण तोंड एकाच बाजूनं हसलं. मग ती रेतीत बसली.

पालघरच्या डॉक्टरांनी वाचवली. पंधरा दिवसांत हात उचलायला लागली, पाय ओढत का होईना, चालायला लागली. बोलणं मात्र गेलं. सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं, पण जिभेपर्यंत पोचायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, त्यांच्याशी बोलत राहा. उत्तर आलं नाही तरी बोलत राहा."

हे मला सांगितलं! मी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि होडीवर जन्मभर तीन शब्द बोललो. ओढ, सोड, धर. घरी आलो की द्वारकी बोलायची आणि मी जेवायचो. आमचं दोघांचं तसं छान चाललं होतं.

आता जागेचं सांगतो, कारण सगळा जीव तिथं अडकला होता. आमच्यात मासळी आणायची पुरुषांनी, विकायची बायांनी. टोपली रेतीवर उतरली की आमचं काम संपलं; पुढे भाव काय, गिऱ्हाईक कोण, ते पुरुषानं विचारायचंसुद्धा नसतं. बोईसरच्या बाजारात द्वारकीची जागा होती. जागा म्हणजे मासळीच्या ओळीत दोन हात फरशी. एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला मासवणकडून भाजी घेऊन येणारी बाई. आधी माझी आई तिथं बसायची, तिच्यामागे द्वारकी. त्याला कागद नाही, पावती नाही. जी रोज बसते तिची जागा. बंदीत ओली मासळी नसते, पण सुकी असते, खाडीची असते, म्हणजे बाजार काही थांबत नाही. आणि तिथं बसायचं तर तोंड लागतं. मुक्या बाईपुढे कोण थांबेल? द्वारकीची जीभ बंदी संपेपर्यंत सुटली तर जागा राहणार होती, नाही तर गेली. आणि जागा गेल्यावर द्वारकी घरात बसून राहील, हे माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. चूल, मी आणि ती, दिवसभर? दोघंही मेलो असतो.

पुढच्या खोलीत तेव्हा सुनंदा भाड्यानं राहायची. साताऱ्याकडची पोरगी. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीनं कामाला. पहिल्या वर्षी सुक्या मासळीच्या वासानं नाकाला पदर लावून अंगणातून जायची, दुसऱ्या वर्षी द्वारकीकडून जवळा मागून न्यायला लागली. डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुमाला बोलाय येत न्हाई हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. मग निदान दोघं मिळून बघा तरी कायतरी." आणि नवऱ्याचा पेनड्राइव्ह आणून आमच्या टीव्हीच्या मागं खुपसला. त्यात तीन पिक्चर होते. दोन चाललेच नाहीत. तिसरा हा.

द्वारकी वीस मिनिटांत दमायची. डोळे मिटायचे, मान कलायची. मग बंद करायचा, पुढचा दुसऱ्या दिवशी. मध्ये वीज जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही. असा तो पिक्चर आम्ही सगळी बंदी पुरवला. काही तुकडे चार-चारदा बघितले.

गोष्ट साधी आहे. गवताचा देश. नजर जाईल तिथवर भिंत नाही, कुंपण नाही, झाड तर औषधाला नाही. लोक घोड्यावरच वाढतात, घोड्यावरच म्हातारे होतात. घर म्हणजे लोकरीचा गोल तंबू. उन्हाळ्याचं गवत संपलं की घर उंटावर टाकायचं आणि हिवाळ्याच्या गवताकडे निघायचं. पूर्वेकडून शत्रू येतो, त्यांच्या सरदाराच्या तोंडावर लोखंडी मुखवटा. इकडे यांच्या तीन टोळ्या, आणि तिघींचं आपसात पटत नाही. पांढऱ्या दाढीचा म्हातारा सगळ्यांना एक करायला गावोगाव, म्हणजे तंबूतंबूत, फिरतो. एक तरणा गडी आहे, त्याचा तांबडा घोडा आहे, आणि त्या गड्याची आई आहे. शत्रूची धूळ लांबवर दिसली की ती हूं की चूं न करता घर उतरवते. खांब, दोर, लोकर, भांडी, सगळं उंटावर. सगळ्यांत आधी तंबूच्या डोक्यावरचं गोल लाकडी कडं काढून घेते, पोराला घ्यावं तसं. बाकी काही राहिलं तरी चालेल, कडं राहता कामा नये. द्वारकीला ती बाई फार आवडायची. तिचा तुकडा आला की द्वारकी उशीवरून मान उचलायची.

मला वाटलं होतं, घोड्यांचं मला काय कळणार. मी जन्मात घोड्यावर बसलो ते एकदाच, लग्नात, आणि पडलो. पण ते गवत वाऱ्यानं हललं आणि मी जाळं बाजूला ठेवलं. हुबेहूब समुद्र. तशीच लाट उठते, तशीच वळते, ढगाखाली तसाच रंग बदलते. आमच्या जाळ्यांच्या समुद्रातल्या जागासुद्धा तशाच असतात, पाण्यावर कोणाचं नाव नसतं. देवळाचा कळस आणि विजेच्या प्लांटची चिमणी एका रेषेत आली की आपली जागा आली. बापानं मला दाखवली, मी पुतण्याला दाखवली. या घोडेवाल्यांचं पण तसंच. त्या टेकडीपासून या ओढ्यापर्यंत आमचं, एवढंच. परक्याला वाटतं, सगळं मोकळं पडलंय.

एका लढाईत आपले घोडेवाले उतारावरून सुटले. मी गवताकडे बघितलं आणि ओरडलो, "गाढवं रं गाढवं! वारा समोरून हाय. धूळ सगळी यांच्याच डोल्यांत जानार!"

सुनंदा म्हणाली, "काका, पिच्चर हाय तो."

"पिच्चर आसल. वारा तर खरा हाय ना?"

झालंही तसंच. धूळ डोळ्यांत गेली, निम्मे गडी पडले. मला दोन दिवस त्या सरदारांचा राग होता. एवढे घोडे आहेत आणि एकालाही वारा बघायची अक्कल नाही.

पुढे एकदा तो मुखवटेवाला लुटलेले घोडे तपासत होता. एकेकाचा ओठ वर करून दात बघत होता. द्वारकीनं हात उचलला आणि बोटानं हवेत काहीतरी उचकटलं. मला समजेना. तिनं परत केलं. मग ध्यानात आलं. गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून आत लाल आहे की काळं पडलंय ते बघतं, तसं. म्हणजे तिला म्हणायचं होतं, हा पण आपल्या गिऱ्हाइकांसारखाच. महिन्याभरात पहिल्यांदा ती मला काहीतरी सांगत होती. मी उठलो, मोरीत गेलो, तोंड धुऊन आलो. सुनंदानं टीव्हीवरची नजर हलवली नाही. शहाणी पोरगी.

त्या देशात बाया दह्याचे गोळे करून तंबूच्या छपरावर वाळत घालतात. वर पाखरं घिरट्या घालतात. एक पाखरू खाली आलं आणि द्वारकीच्या तोंडातून आवाज निघाला, "हा... हाड!" शब्द म्हणायचा की नाही मला ठाऊक नाही. पण जन्मभर तिनं बोंबलांवरचे कावळे हाकलले, ते पाखरू काही तिला बघवलं नाही.

खरा पहिला शब्द माझ्या चुकीमुळे आला. मला त्या पिक्चरमधले म्हातारे ओळखू यायचे नाहीत. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, दाढ्या सारख्या. एका दुपारी टीव्ही लावायच्या आधी, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काल तो पांडऱ्या दाडीचा म्हातारा मेला ना, वाईट झाला."

द्वारकीच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. "ना..." मी बघत राहिलो. "नाय."

नाय! जो शब्द मी तिच्याकडून जन्मभर सगळ्यांत जास्त ऐकला, तोच पहिला परत आला. आज बाजारात जाऊ नको, नाय. एवढी भांडी घेऊ नको, नाय. माझं ऐकशील का, नाय. मी बाहेर जाऊन सुनंदाला सांगितलं, "बोलली." "काय बोलल्या?" "नाय म्हनाली." सुनंदा म्हणाली, "मग बऱ्या व्हनार काकू."

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. रोज टीव्ही लावायच्या आधी कालची गोष्ट सांगायची आणि उलटी सांगायची. खरं सांगितलं तर ती नुसती ऐकत पडायची. खोटं सांगितलं की तिला राहवायचं नाही, ते खोडून काढायला तिला शब्द शोधावाच लागायचा.

"त्या पोऱ्याचा घोडा काला होता."

"नाय."

"मग कसला?"

"ता... ता..." कपाळावर घाम, मूठ आवळलेली.

"तांदलासारका?"

उशी माझ्या अंगावर आली. "तांबडा!"

सुनंदानं पहिले दोन दिवस ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुमाला पन डाक्टरला दावू या का?" मग तिला समजावलं. एकदा मी द्वारकीला सांगितलं, की त्या गड्याच्या आईला उंट मिळाला नाही, तेव्हा ती घर डोक्यावर घेऊन एसटीत बसली, कंडक्टरनं तिला खाली उतरवली. द्वारकी माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हसली. "येड्या," म्हणाली. आमच्यात बायको नवऱ्याला असं म्हणत नाही. मी तिला परत म्हणायला लावलं.

हे आता आठवतं ते यासाठी, की हल्ली मला कोणी ‘नाय’ म्हणत नाही. द्वारकी गेल्यापासून मी काही बोललो की माणसं माना डोलावतात. हो तांडेल, खरं तांडेल. परवा मुद्दाम म्हणालो, यंदा वारा लवकर फिरणार. फिरणार नाही, मला माहीत आहे, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी पुतण्या म्हणाला, "हो नाना, बरोबर." दुःखातल्या म्हाताऱ्याला दुखवायचं नाही म्हणून. अशानं माणूस एकटा पडतो, हे कोणाला सांगायचं?

तर जागेचं. औषधं आणायला मी बोईसरला जायचो, तेव्हा मुद्दाम मासळीच्या ओळीकडून फिरायचो. एक दिवस बघितलं तर खांबाजवळ बाई बसलेली. तिशीची. पुढ्यात सुका जवळा आणि सोडे. मासवणच्या भाजीवालीनं मला बघून मान खाली घातली.

मी तिला हळू विचारलं, "कोन गो ही?"

"रंजना म्हनून हाय. नवरा होडीवरून पडला, कंबर गेली त्याची. दोन पोरी हायत."

"जागा कुनाची हाय, म्हाईत हाय तिला?"

"म्हाईत हाय, तांडेल. पन रिकामी होती."

मी औषधं घेऊन वळलो. पुरुषानं त्या ओळीत बोलायचं नसतं. घरी येऊन द्वारकीलाही सांगितलं नाही. सुनंदाला सांगितलं आणि शपथ घातली.

आषाढ निम्मा झाला असेल. पिक्चरमध्ये तो तुकडा आला, ज्यात हिवाळा काढून टोळी आपल्या उन्हाळ्याच्या गवताकडे परत येते. टेकडी चढतात आणि बघतात तर खाली शत्रूचे तंबू. धूर निघतोय, त्यांचे घोडे यांच्या गवतात चरताहेत. गड्याची आई उंटाला धरून नुसती उभी राहते. उंटावर घर आहे आणि लावायला जागा नाही.

द्वारकीनं माझं मनगट धरलं. "जा... जागा."

"हां. गेली त्यांची जागा," मी म्हणालो.

"माजी." तिची बोटं रुतली. "माजी जागा."

मी टीव्हीकडे बघत म्हणालो, "तुजी जागा हाय तशी हाय. कोन बसतंय तितं? सगल्या बाया वाट बगतात तुजी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. महिनाभर मी तिला दुसरं काय शिकवलं होतं? माझं खोटं ओळखायचंच ना?

"खोटं," द्वारकी म्हणाली. एकदम साफ. कुठेही अडखळली नाही.

मग सांगावं लागलं. रंजनाचं, कंबर गेलेल्या नवऱ्याचं, पोरींचं, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. भिंतीला हात लावून उठली, चूल ते दार, दार ते चूल, अशी पाय ओढत फिरायला लागली. सुनंदा म्हणाली, "काकू, बसा जरा." द्वारकी म्हणाली, "नाय."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात बाजार भरायला लागला. खाटेसमोर पाट मांडला, पाटावर मासळी म्हणून चपला, माझ्या, तिच्या, सुनंदाच्या. द्वारकी विकणारी, मी गिऱ्हाईक. आता अडचण बघा. मी तांडेल माणूस, जन्मात कधी मासळी विकत घेतलेली नाही.

"चांगली हाय का?" मी विचारलं.

"हाय."

"मग द्या."

द्वारकीनं कपाळावर हात मारला. सुनंदा हसून हसून भिंतीला टेकली. "अवो काका, असं गिऱ्हाईक भेटलं तर काकूला तोंड उघडायचीच गरज न्हाई! नावं ठेवा मालाला, नावं ठेवा!" आणि मला उठवून स्वतः बसली. माझी चप्पल उचलून नाकाशी नेली. "शी! ही तर कालची हाय."

द्वारकीचा चेहरा लाल झाला. "का... कालची?"

"न्हाय तर काय? वास मारतीय."

"तुजा... तुजा बा कालचा!"

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्यानं का कशानं, मी विचारलं नाही. तिचा बाप ती लहान असताना गेला होता, तरी ती म्हणाली, "काकू, परत शिवी द्या."

श्रावण लागायच्या सुमाराला पिक्चरचा शेवट बघितला. तिन्ही टोळ्या एक झाल्या. मिठाच्या कोरड्या तळ्यावर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. या वेळी वारा पाठीमागून होता, मी घोडे सुटायच्या आधीच सांगितलं, आता हे जिंकणार. जिंकले. मुखवटा मिठात पडला. शत्रू पळाला, त्यांचे तंबू, गाड्या, बायका, पोरं, सगळं पूर्वेच्या बाजूला लांब लांब जात लहान झालं. आपल्या लोकांनी आरोळ्या मारल्या. सुनंदानं टाळ्या वाजवल्या. मी पण दोन वाजवल्या.

द्वारकी टीव्हीकडे बघत होती. त्यावर आता नुसती नावं वर सरकत होती. "ते... कुठं गेले?" तिनं विचारलं.

"कोन ते?"

"ते. पलाले ते."

"जाईनात कुठंपन. आपले जिंकले ना?"

"त्येंची... पोरं व्हती. तंबूत."

मला राग आला. "आगो, शत्रू हायत ते! दुसऱ्याच्या गवतावर आले व्हते."

द्वारकी आतून एकेक शब्द उचलून आणल्यासारखी म्हणाली, "त्येंचं... गवत... संपलं आसल."

"दोन महिने कुनाच्या बाजूनं बगत होतीस गो तू?" मी म्हणालो. तिनं डोळे मिटून घेतले. मी चिडून बाहेर जाऊन जाळ्याशी बसलो. एवढा मोठा पिक्चर संपला आणि हिला पळालेल्यांची काळजी.

नारळी पुनवेला समुद्रात नारळ सोडले, होड्या खाली गेल्या. माझ्या होडीची पहिली मासळी रेतीवर आली, तशी द्वारकी नऊवारी नेसून, डोक्याला फूल लावून दारात उभी. पाय अजून ओढतच होती. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात जा. म्हणायचं म्हणून म्हणालो.

टोपली तिला उचलवणार नव्हती. मी उचलली. तांडेल माणूस डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या मासळीच्या ओळीत शिरला, तेव्हा पहिल्याच बाईनं हाक मारली, "काय तांडेल, साडी इसरलाव काय घरी?" ओळ हसली. मग त्यांना माझ्यामागे द्वारकी दिसली आणि हसणं थांबलं.

खांबाजवळ रंजना बसली होती. तिनं द्वारकीला बघितलं. ओळखत नसणार, पण ओळखलं. आजूबाजूच्या बाया कोयते खाली ठेवून सरसावून बसल्या. आमच्या शेजारगल्लीची एक म्हणाली, "द्वारके, तू नुसती बोल. आमी हाय. आज हिला उटवतोच." मासवणवाली मेथीच्या जुड्या उगाच उलट्यासुलट्या करत होती.

रंजना अर्धवट उठली. तिनं घरी पाठ केलेलं असणार, भराभरा म्हणाली, "मावशी, मी काय जबरीनं नाय बसली. जागा रिकामी होती. माज्या घरी पन खानारी तोंडं हायत. मी पन..." आणि तिचं पाठांतर तिथंच संपलं.

सगळी ओळ द्वारकीकडे बघत होती. द्वारकीचे ओठ हलले. काही आलं नाही. गळ्याची शीर वर आली. परत हलले. काही नाही. तेवढ्या माणसांत, तेवढ्या आवाजात, दोन महिन्यांचं सगळं तिच्या तोंडातून निसटलं होतं. मला राहवेना. बाजारात पुरुषानं बोलू नये ते गेलं खड्ड्यात. मी तोंड उघडलं. द्वारकीनं माझ्या दंडाला चिमटा काढला, असा की दोन दिवस वळ राहिला.

मग खाली रंजनाकडे बघून म्हणाली, "सरक."

रंजनाला समजलंच नाही. ती पूर्ण उठायला लागली होती. पाटी हातात घेतली होती.

"सरक गो," द्वारकी म्हणाली. "खांबाकडं."

रंजनानं पाटी खांबाला टेकवली. स्वतः खांबाला टेकली. तरी दोन बायांना ती फरशी पुरत नव्हती. तेव्हा मासवणवालीनं कोणी न सांगता आपल्या जुड्या वीतभर पलीकडे ओढल्या. तिच्यापलीकडची तिच्याकडे रागानं बघत चार बोटं हलली. तिच्यापलीकडची हलली. सगळी ओळ कुरकुरत, पाट्या घासत, एकमेकींना नावं ठेवत, पार टोकापर्यंत थोडी थोडी हलली. आणि मध्ये द्वारकी बसली. गुडघ्याला गुडघा लागत होता दोघींचा.

मी टोपली तिच्यापुढे ठेवली आणि उभा राहिलो. वाटलं, काही लागलं तर.

"आता तुमी कशाला हुबे?" द्वारकी म्हणाली. "गिऱ्हाईक दिसत नाय मला. जावा घरी."

बाया हसल्या. रंजनापण हसली, पहिल्यांदा. मी निघालो.

घरी आलो तर सुनंदा अंगणात वाट बघत उभी. तिनं नुसतंच विचारलं, "काकू?"

"काकू काय काकू? बाजारात गेलीय," मी म्हणालो. तिच्यावर खेकसलोच जरा, जसं काही हे रोजचंच आहे, यात विचारण्यासारखं काय आहे.

त्यानंतर या माघापर्यंत द्वारकी त्या ओळीत बसली. शब्द काही सगळे आले नाहीत, पण भांडायला लागतील तेवढे आले. सुनंदा आता नवऱ्याबरोबर बोईसरला खोली घेऊन राहते, दर सणाला येऊन मला जेवू घालून जाते. रंजना दहाव्याला आली होती, न बोलता भांडी घासून गेली. ती आता खांबाजवळ ऐसपैस बसते. बसावंच. तिच्या पोरी मोठ्या झाल्यात.

काल दुपारी पालघरची एक बाई दारात आली. दरवर्षी बंदीत द्वारकीकडून सुके बोंबील न्यायची, तिला काही कळलेलं नव्हतं. पिशवी हातात, चपला पायात तशाच. "मावशी नाहीत का?" तिनं विचारलं.

"बाजारात गेलीय," मी म्हणालो.

"बरं, मग नंतर येते," म्हणून ती वळली. ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. तिला मी परत बोलावलं नाही.